प्रेक्षकांना पाठ

गणपती गेले की दुसऱ्या दिवशी थेरगावात जी शांतता पडते ती मला सोसत नाही. दीड-दोन महिने आमच्या इमारतीमागच्या मैदानात ढोल-ताशाचा सराव चाललेला असतो. संध्याकाळी पोळ्या करताना लाटणंसुद्धा त्या ठेक्यावर फिरायला लागतं. मी रोज वैतागते, खिडक्या लावून घेते, कान किटले बाई म्हणते. आणि मग एक दिवस सगळं गप्प होतं. मांडवाचे बांबू सोडवणाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं, डांगे चौकाच्या बाजूनं भाजीवाल्याची हाक घरापर्यंत पोचते, दुसऱ्याच्या कुकरची शिट्टी आपलीच वाटून मी उठते. पाऊसही सरत आलेला असतो. शेजारणी म्हणतात, सुटलो एकदाचे. मी मात्र टीव्ही मोठा करून ठेवते.

कारण याच दिवसांत, दोन वर्षांपूर्वी, आम्ही चौघं गाण्याचे कार्यक्रम करायला परदेशी गेलो होतो. लोक विचारतात, मजा आली असेल ना? आली की. तसा पाहुणचार आमचा कुणी सासरी-माहेरीही केला नसेल. पण ते दिवस आठवायला बसले की आधी धाकधूक आठवते, आणि गोडधोड मागून.

चौघं म्हणजे काही मोठा ताफा नव्हे. मी गाते. माझं माहेर परभणीकडचं. वडील इथं कारखान्यात लागले तेव्हा शाळकरी वयात आले ती इथलीच झाले. थेरगावात मुलांना गाणं शिकवते. ढोलकीवर माझे यजमान. हे चाकणजवळच्या जुन्या गावचे. ज्या रानात ह्यांच्या लहानपणी भुईमूग निघायचा तिथं आता कंपन्या आहेत, आणि त्यांतल्याच एका कंपनीत हे प्रेस शॉपमध्ये आहेत. पत्रा दाबून गाडीचे दरवाजे-बिरवाजे बनवणारी ती अजस्र यंत्रं. दाबलं की जमीन हादरते. पेटीवर मुरलीभाऊ, ते एरवी हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतात आणि ट्रॅफिकमध्ये अडकले की स्टिअरिंगवर बोटं नाचवतात. आणि टाळ, तुणतुणं, मागून सूर धरणं हे सगळं सांभाळणारी हर्षदा, माझी भाची. ती हिंजवडीतच कॉम्प्युटरवर काम करते. परदेशात इंग्रजीचा प्रसंग आला की आम्ही तिघंही तिच्याकडे बघायचो.

ह्यांच्या कंपनीत स्लोव्हेनियातून मार्को नावाचा एक इंजिनिअर आला होता. गौरी जेवणाला ह्यांनी त्याला घरी आणला. पुरणपोळीवर त्यानं एवढं तूप घेतलं की मला त्याच्या आईची काळजी वाटली. संध्याकाळी आमचं गाणं ऐकलं आणि गडी खुळावलाच. देशी परतल्यावर त्यानं पुढच्या वर्षी आपल्या गावच्या सुगीच्या उत्सवाला आम्हांला बोलावून घेतलं. आजूबाजूच्या गावांतही कार्यक्रम ठरवले. राहायचं मार्कोच्या आईकडे. हे सगळं इतकं सरळ जमलं की मला संशयच यायला लागला. माझा स्वभाव तसाच आहे. पासपोर्ट हरवेल, गळा बसेल, थंडीनं ढोलकीचं कातडं आवळून फाटेल, ह्यांची रजा ऐन वेळी रद्द होईल, अशी एकेक काळजी मी जपमाळेसारखी ओढत होते. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, व्हय, बघू. सगळ्यावर ह्यांचं एकच उत्तर, व्हय. मुंबईच्या विमानतळावर ढोलकी यंत्रातून आत गेली तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. पलीकडून ती सुखरूप आली. मग मी पुढच्या काळजीला लागले.

आणि यातली एकही काळजी खरी झाली नाही. जे झालं ते माझ्या यादीतच नव्हतं.

मार्कोचं गाव टेकड्यांत. मक्याची शेतं पिवळी पडलेली, शेतांत गवत वाळवायच्या उंच लाकडी माच्या, अक्रोडाच्या झाडांखाली हिरवी-काळी सालं पडलेली. दारातच मार्कोच्या आईनं, मारियाबाईंनी, टोपलीभर सपाता पुढं केल्या. पायताण बाहेर काढायचं आणि घरात घालायच्या सपाता पाहुण्याला घरच्यांनी द्यायच्या, ही तिथली रीत. ह्यांच्या पायाला एकही येईना. बाई आत गेल्या आणि आपल्या वारलेल्या नवऱ्याच्या घेऊन आल्या. त्या अगदी बरोबर बसल्या. बाईंनी ह्यांच्या पायांकडे बघितलं, डोळे टिपले आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्या क्षणापासून त्या घरात ह्यांचं राज्य सुरू झालं.

काय काय खाऊ घातलं त्या माउलीनं! अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेली जाड पोळी, चकत्या कापून. भोपळ्याच्या बियांचं हिरवंकाळं तेल कोशिंबिरीवर. काळपट पिठाचा उपम्यासारखा एक प्रकार, त्यावर ताकासारखं काहीतरी. मुरलीभाऊंचा गुरुवार असतो हे हर्षदानं सांगितल्यावर त्या दिवशी बाईंनी मांसाचं भांडंसुद्धा स्वयंपाकघरात ठेवलं नाही. शेजारच्या बायका सफरचंदं, मध, घरचं चीज घेऊन यायच्या. आम्ही तिघं हातवारे करून, हसून, लाजून नको-नको करायचो. हे मात्र बाई जे बोलतील त्याला मान हलवायचे. आणखी वाढू? व्हय. कोंबड्या बघायच्यात? व्हय. बाईंना आपली भाषा येत नव्हती, पण व्हय शब्द त्यांना पाठ झाला. नवऱ्याची जुनी टोपीही त्यांनी ह्यांच्या डोक्यावर चढवली. हर्षदा म्हणायची, मावशी, काकांना तर इथं दत्तकच घेतायत. मी हसायचे. परक्या देशात कुणाचं काही कळत नसताना हसून मान हलवणारा माणूस शहाणाच म्हणायचा. मलाही तसंच वाटलं होतं.

मग ती संध्याकाळ आली. जेवायला वेळ होता. आम्ही दोघं घरामागच्या कुंपणाशी उभे होतो. उन्हं नुकतीच गेलेली. तिथली शांतता कशी सांगू? आपल्याकडे शांतता म्हणजे आवाज जरा लांबून येणं. तिथं खरोखरच काही नव्हतं. आणि त्या नसण्यात मक्याच्या शेतातून रातकिडे सुरू झाले. असे काही किर्रर्र करत होते की कानाला दडे बसावेत. मी म्हटलं, केवढे ओरडतायत हो! ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोण?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी शेताकडे हात केला. हे शेताकडे बघत राहिले, मग मान हलवली, व्हय म्हणाले. पण ते बघत होते. ऐकणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी बोलणं थांबवलं. मग दोन पावलं मागं गेले, ह्यांच्या पाठीशी उभी राहिले आणि हळूच म्हटलं, अहो. रोजच्या आवाजात पुन्हा म्हटलं. हे समोरच्या टेकडीकडे बघत उभे. गावातल्या चर्चची घंटा वाजली तसे मात्र लगेच तिकडं वळले, आणि मी मागं दिसल्यावर दचकले. म्हणाले, तू कवा मागं गेलीस?

जेवताना मी चमचा नुसता फिरवत राहिले. बाईंना वाटलं मला सूप आवडलं नाही, त्यांनी दुसरं करून आणलं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, कळणार तरी कसं होतं? आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. प्रेस शॉपमधल्या सगळ्याच माणसांच्या घरी टीव्ही गल्लीत ऐकू जाईल असा लागतो. कंपनी कानात घालायला पिवळे बोळे देते, पण ते ह्यांच्या शर्टाच्या खिशातच असायचे. यंत्राचा आवाज बदलला की बिघाड कानाला आधी कळतो, बोळे घातले तर कळणार कसा, असं सगळेच म्हणतात. दोन खोल्यांपलीकडून हाक मारली आणि ओ आली नाही तर मी समजायचे, ह्यांचं लक्ष नाही. कुठल्या बायकोच्या नवऱ्याचं लक्ष असतं? चाकणच्या गोंगाटात ते झाकून गेलं होतं, आणि तिथं, परक्या भाषेत, कुणालाच काही कळत नव्हतं म्हणून झाकून गेलं. त्या शांत शेताशी तेवढं उघडं पडलं.

पण मला लागून राहिला होता तो घोर वेगळाच. ह्यांना घरी हाक ऐकू आली नाही तर मी जवळ जाऊन खांदा हलवीन. गाण्याचं काय? वीस-बावीस वर्षं आम्ही एकत्र गातो-वाजवतो. लग्न ठरवायला आले तेव्हा ह्यांनी माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी माझ्या गाण्यावर मांडीवर ठेका धरला होता. माझ्या आवाजाची तान कुठं वळणार हे माझ्या आधी त्यांच्या बोटांना कळतं, असं लोक म्हणायचे. ते जर ऐकूच येत नसेल तर आमच्यात उरलं काय? आणि पुढचे कार्यक्रम तोंडावर. भर उत्सवात ठेका चुकला, गाणं विस्कटलं, तर ज्यांनी एवढ्या प्रेमानं बोलावलं त्या लोकांसमोर ह्यांची फजिती होणार. ती ह्यांना सोसणार नाही. ह्या माणसानं पुन्हा ढोलकीला हात लावला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी नजर ठेवायला लागले. प्रत्येक कार्यक्रमात गाताना माझं अर्धं लक्ष त्यांच्या हाताकडे. जीव नुसता टांगणीला. पण चूक होईना! सम बरोबर येत होती, तोडा बरोबर पडत होता. लोक टाळ्या वाजवायचे, मुरलीभाऊ खूश. माझीच मला शंका यायला लागली की मला भास झाला काय.

त्याचं उत्तर मला धान्याच्या कोठारात मिळालं. मक्याची कणसं सोलायला सगळा गाव मारियाबाईंच्या कोठारात जमला होता. ही तिथली सुगीतली पद्धत. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. दुपारचं ऊन फटींतून येत होतं. सोललेल्या पातींचा ढीग कमरेपर्यंत. पातींचा तो वास आमच्या परभणीकडच्या रानाचा होता, शपथेवर सांगते. म्हाताऱ्या बायका सोलता सोलता गात होत्या. मलाही त्यांनी ओव्या म्हणायला लावल्या. कणसं सोलताना म्हणायच्या ओव्या मला येत नव्हत्या, म्हणून मी जात्यावरच्या म्हटल्या. कुणाला काय कळणार होतं. मग एकानं गळ्यात ॲकॉर्डियन अडकवलं आणि ह्यांना खुणावलं. हे ढोलकी घेऊन त्याच्यासमोर बसले. ती धून ह्यांनी जन्मात ऐकलेली नव्हती, आणि तरी दुसऱ्या फेरीला ठेका असा बसला की म्हातारे उठून नाचायला लागले. मी ह्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते त्या बाजाच्या भात्यावर खिळलेले होते. भाता उघडला-मिटला की बोटं पडत होती. तो माणूस वळून दुसरीकडे तोंड करून नाचायला लागला, तसे हेही ढोलकी ओढत सरकून त्याच्या समोर आले.

म्हणजे हे डोळ्यांनी वाजवत होते. मग मला आठवलं, गेली कित्येक वर्षं कुठल्याही बैठकीत हे माझ्या डाव्या हाताला, जरा पुढं सरकूनच बसतात. माझ्या गळ्याकडे बघत. मला तर त्याचा अभिमान होता. मैत्रिणींना सांगायचे, अजून माझ्यावरून नजर हटत नाही बघा. आता त्याच नजरेची मला भीती वाटायला लागली. मी मान वळवली तर? लुगड्याचा पदर गळ्यावर आला तर? त्या दिवसापासून मी पदर घट्ट खोवून, मान ताठ ठेवून गायला लागले. हर्षदा म्हणाली, मावशी, अशी शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखी का गातेस?

शेवटचा कार्यक्रम मार्कोच्या गावच्या चौकात होता, मुख्य उत्सवाचा. तिथं मंच बघितला आणि मी आधी ह्यांची जागा शोधली. गायकासाठी पुढं माईक, आणि मागं, चांगलं दहा पावलं मागं, उंच चौथऱ्यावर वाजवणाऱ्याची जागा. तिकडे सगळ्याच पथकांची तशीच रचना; ढोलवाला मागं. तारा जोडलेल्या, दिवे लावलेले. मी हर्षदाला म्हटलं, ढोलकी माझ्या शेजारी घ्यायला सांग. तिनं सांगितलं. त्यांनी अगदी प्रेमानं समजावलं की काळजी करू नका, मागूनही आवाज उत्तम येईल. कुणाला काय सांगणार? मुरलीभाऊ म्हणाले, वहिनी, पाहुणे आहोत, ते म्हणतील तसं करू. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या माईकपासून आपल्या चौथऱ्यापर्यंत नजर फिरवली, ओठ मिटले, आणि म्हणाले, व्हय, चालतंय. चढून बसले. समोर सगळा गाव, पहिल्या ओळीत मारियाबाई मांडीवर टोपी घेऊन.

पेटीचा सूर सुरू झाला. आता मी तोंड उघडणार, आणि मागं त्या माणसाला माझी फक्त पाठ दिसणार. मी विचार केला नाही. माईक काढून हातात घेतला आणि वळले. प्रेक्षकांना पाठ करून, ह्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले.

ज्यानं कधी आपल्याकडचा मंच बघितलाय त्यालाच हे कळेल. समोरच्या मायबाप रसिकाला पाठ दाखवायची नाही हे आम्हांला सूर लावायच्या आधी शिकवतात. मंचावरून उतरतानासुद्धा आम्ही उलट पावलांनी उतरतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना यावरून रडवलं आहे. आणि तिथं, एवढ्या खाल्ल्या मिठाला न जागता, मी अख्खी गौळण पाठ करून गायले. पाठीवर हजार डोळे टोचत होते. मुरलीभाऊंची बोटं पेटीवर एकदा अडखळली. ह्यांचा पहिला हात पडला, बरोबर समेवर. आणि मग ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, त्यांना कळलंय. क्षणभर त्यांनी डोळे खाली घातले. मला वाटलं, आता चुकणार. पण लगेच वर बघितलं, आणि पुढं काय वाजवलंय त्यांनी ते सांगत नाही, मला ते धड ऐकताही आलं नाही. मी फक्त मोजत होते, आता हे कडवं सरलं, आता हे.

गाणं संपलं तेव्हा मी वळून लोकांना वाकून नमस्कार केला, माफी मागितल्यासारखा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर म्हाताऱ्या बायकांनी येऊन माझे गाल धरले. हर्षदानं सांगितलं, त्या म्हणतायत, तुमच्याकडे बायको नवऱ्याकडे बघून गाते ही किती सुंदर पद्धत आहे. मारियाबाई ह्यांच्या हाताला धरून रडत होत्या. मुरलीभाऊ मात्र माझ्याशी बोलेनात. शेवटी त्यांना राहवलं नाही, म्हणाले, वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी त्यांच्या पेटीला खोळ घालायला लागले. ते गुपित माझं नव्हतं.

लोक खायच्या-प्यायच्या टेबलांकडे गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मग विचारलं, "कवा कळलं?"

मी रातकिड्यांचं सांगितलं. सांगताना त्यांच्या समोर उभी राहिले, ओठ दिसावेत म्हणून. हे हसले, उदास. मग बोलायला लागले ते थांबेचनात. लग्नापासून एवढं सलग बोललेले मी ऐकले नव्हते. कंपनीत दर वर्षी कान तपासतात, काचेच्या खोलीत बसवून. आवाज आला की बटण दाबायचं. पलीकडे बसलेल्या पोरीचा कोपर हलला की हे बटण दाबायचे. दर वर्षी पास. मी म्हटलं, कंपनीचं राहू द्या, मला का नाही सांगितलं? त्यावर हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू दुसरा ढोलकीवाला बघितला असतास. गाणं बिघडलेलं तुला चालत न्हाई."

मला भयंकर राग आला. आणि खोटंही म्हणता येईना.

परतल्यावर प्राधिकरणातल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. माझी काळजी आता घर सोडून रस्त्यावर आली होती. हे चाकणला मोटरसायकलनं जातात, मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही तर? दुसऱ्या शिफ्टहून यायला जरा उशीर झाला की मी बाल्कनीत. हट्टानं त्यांना कंपनीच्या बसमध्ये बसवलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कागदावर उतरत गेलेली रेघ दाखवली. म्हणाले, जाड, खालचे आवाज शाबूत आहेत, घंटा, ढोल, ट्रक. बारीक आणि उंच आवाज गेलेत. आधी पाखरं जातात, मग रातकिडे, मग बायका-मुलांचे आवाज. म्हणजे रातकिड्यांच्या मागून माझा नंबर लागला होता. बाहेर आल्यावर हे म्हणाले, ढोलकीचा जाड धुम्मा तर येतो की ऐकू. मला त्यावर हसावं की रडावं कळेना.

यंत्रं आणली, दोन कानांना दोन. ह्यांनी दोन दिवस घातली आणि डबीत ठेवून दिली. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणाले, नळ गळतो तोही ऐकू येतो म्हणाले. मुरलीभाऊंना आणि हर्षदाला मी ह्यांच्या परवानगीनं सगळं सांगितलं. मुरलीभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. दोन वर्षं आम्ही तसेच कार्यक्रम केले, मी ह्यांच्या बाजूला अर्धी वळून. निगडीत, चिंचवडात लोकांना ती माझी लकबच वाटायला लागली. डबी कपाटात पडून होती, आणि खरं सांगते, मी तिची आठवण करून देत नव्हते.

कारण मला दुसऱ्याच भीतीनं धरलं होतं. ह्यांचे कान जात होते त्याच वर्षांत माझा आवाज उतरत गेला. पन्नाशीच्या सुमारास बाईचा आवाज जाड होतो, तसा झाला. वर जाताना खरखरतो. गौळणीच्या दुसऱ्या कडव्यात एक उंच जागा आहे, पूर्वी मी तिथं जाऊन ठासून उभी राहायचे आणि लोक वाहवा करायचे. आता तिथं जात नाही, खालूनच वळवून घेते. मुरलीभाऊंना ठाऊक होतं, हर्षदाला ठाऊक होतं, श्रोत्यांनाही असणार. एका ह्यांना तेवढं नव्हतं. माझ्या गळ्याकडे बघत ते कोणता आवाज ऐकत होते कोण जाणे, पण तो माझा पहिलाच असणार. जगात एका माणसापाशी माझा तो आवाज शिल्लक होता. यंत्र कानात गेलं की तोही जाणार, या भीतीनं माझी झोप उडायची.

यंदा विसर्जनानंतरच्या रविवारी नवरात्राच्या कार्यक्रमांचा सराव ठरला होता. मुरलीभाऊ आणि हर्षदा यायचे होते. मैदान गप्प, पंखा फिरत होता. ह्यांनी ढोलकी मांडीशी घेतली, मग काय मनात आलं कुणास ठाऊक, उठले, कपाटातून डबी काढली आणि दोन्ही यंत्रं कानांत बसवली. जरा वेळ डोकं वाकडं करून पंख्याचं ऐकलं. मग मला म्हणाले, म्हण.

मी म्हटलं, सगळे येऊ देत. हे म्हणाले, न्हाई, आत्ता. मी पाणी प्यायले. दोनदा खाकरले. मुलाखतीला बसलेल्या पोरीसारखे हात मांडीवर ठेवले आणि गौळण धरली. ह्यांनी ढोलकीवर हात ठेवला, पण वाजवली नाही. आणि डोळे मिटून घेतले. किती वर्षांनी मी ह्यांच्यासमोर गात होते आणि हे माझ्याकडे बघत नव्हते. पहिलं कडवं सरलं. दुसऱ्यात ती जागा आली, मी खालून वळवून घेतली. ह्यांनी डोळे उघडले.

"वर न्हाई गेलीस."

मी मान हलवली. म्हटलं, आता जमत नाही. बरीच वर्षं झाली.

हे ढोलकीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "एवढं झालं, आन् मला सांगायचं न्हाई व्हय?"

हे कोण कुणाला विचारतंय! मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण मान खाली घालून ते गालातल्या गालात हसायला लागले. मग बाही वर सारून बसले, म्हणाले, पुन्हा म्हण, पहिल्यापासून, आवाज जसा हाय तसा. मी म्हटलं. ह्यांनी वाजवलं. मुरलीभाऊ नंतर तक्रार करत होते, बाहेर उभा राहून कितीतरी वेळ बेल दाबत होतो म्हणून. आम्हांला दोघांनाही ती ऐकू आली नव्हती.